बरणीतली एमेस्सी

शेजारच्या काकूंचा मुलगा नागपुरात जीवशास्त्राची एमेस्सी करत होता. बोलताना तो माणसाकडे कधी पाहायचा नाही. अळीकडे मात्र टक लावून पाहायचा. दसऱ्याला खामगावी आला तेव्हा त्याने काकूंच्या लोणच्याच्या बरणीत कपाशीच्या बोंडांसकट अळ्या ठेवल्या. कितव्या दिवशी त्यांचे पाखरू होते, हे लिहून नेल्याशिवाय त्याला पास करणार नव्हते.

दिवाळीच्या साफसफाईत काकूंनी बरणी कोंबड्यांपुढे पालथी केली.

"माय, माही एमेस्सी कोंबड्यायनं खाल्ली!" तो मटकन खाली बसला.

"किडे पडले होते बरणीत. मंग काय पूजा करू त्यायची?" काकू म्हणाल्या.

मी त्याच्याशी कधी बोलले नव्हते. पण त्याचे पाहून मीही गुपचूप एका डब्यात अळ्या पाळल्या होत्या. तो डबा मी कुंपणावरून पुढे केला.

"वहिनी, कवा ठेवल्या ह्या?"

"दसऱ्याले. तुमी ठेवल्या त्याच दिवशी," मी पदराआडून म्हणाले.

त्याने अळ्या मोजल्या, वहीत लिहिले. मग मान वर करून माझ्याकडे, अळीकडे पाहावे तसे, टक लावून पाहिले.

मी डबा तिथेच सोडून घरात पळाले.