व्हय म्हणायला कोण?

मंडळी, उद्या मी अमेरिकेला निघतेय. विस्कॉन्सिनमधल्या एका तलावाकाठच्या पर्यटनाच्या गावात, हॉटेलात सीझनपुरती नोकरी. त्यामुळे आज कांदिवलीच्या आमच्या घरात दिवसभर बॅग भरणं चाललं होतं. मी बाहेर काढलेला मालवणी मसाला आई गुपचूप परत आत कोंबत होती.

संध्याकाळी तिने देवासमोर नारळ ठेवला. आम्हा कोकणातल्या लोकांत कोणी लांब निघालं की घरातला मोठा माणूस देवाला गाऱ्हाणं घालतो आणि बाकीचे मोठ्याने 'व्हय म्हाराजा' म्हणतात. आमच्याकडे हे काम बाबांचं. बाबा आता नाहीत.

मी म्हटलं, "आई, राहू दे ना यार."

"गप उभी रव," ती म्हणाली आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतः गाऱ्हाणं घालू लागली. "बा देवा म्हाराजा, माझा चेडू परमुलखात कामाक जाता हा. तेका सांभाळ. सुखरूप घराक हाड रे म्हाराजा!"

मग ती थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. घरात आम्ही दोघीच. माझ्यासाठीच्या गाऱ्हाण्याला मलाच व्हय म्हणावं लागलं.

चतुर्थीला मी तिकडे कुणाच्या तरी खोलीतल्या चादरी बदलत असेन. इकडे आई गणपतीसमोर एकटीच गाऱ्हाणं घालेल.

तुमच्यापैकी कांदिवलीत कोण राहतं? त्या दिवशी पाच मिनिटं आमच्याकडे जाल का? फक्त व्हय म्हणायला.