चपलेचा बेडूक

मुबारकविषयी चांगलं बोलणारे पुष्कळ आहेत. मी वाईट बोलायला बसलोय, आणि तेही नीट जमेल याची खात्री नाही.

वाळूजच्या एका कारखान्यात आम्ही दोघांनी सव्वीस वर्षं काढली. तो टूलरूममध्ये ग्राइंडरवर, आणि मी त्याचा सुपरवायझर. हजेरी माझ्या सहीनं लागायची, पण चहाच्या सुट्टीत माणसं जमायची ती त्याच्या मशीनभोवती. तेवढं मी सोसलं असतं. पण रविवारी आम्ही दोघं गळ टाकायला जायचो, आणि पाण्यात माझ्या सहीला कोण विचारतो?

करमाडच्या पुढं जालना रोड सोडून आत गेलं, की आमच्या शिवारात एक पाझर तलाव आहे. बहात्तरच्या दुष्काळात झालेला. माझे वडील, कारभारी, त्या कामावर मातीच्या पाट्या वाहत होते, त्यामुळं तो तलाव बापाचा म्हणायला मला कधी संकोच वाटला नाही. आता बघा न्याय. तलाव माझ्या बापाच्या घामाचा, आणि त्यातली मोठी मरळ लागायची किराडपुऱ्याहून स्कूटरवर आलेल्या मुबारकच्या गळाला! त्याची तीन किलो दोनशेची मरळ म्हणजे आमच्या बावीस गळवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपचं रेकॉर्ड. पोरंबाळं, नोकरी, पुंडलिकनगरचं घर, सगळं माझं नीट लागलं होतं. देवाकडं मागायचं एकच राहिलं होतं. त्याच्याहून मोठी मरळ, एकदाच, माझ्या हातानं.

सामानात मी कुठं कमी पडलो नाही. जपानी रील घेतलं, कार्बनचा रॉड घेतला. माशाला भुलवायला गळाला लावायचे चमकणारे पत्रे, पोटात छर्रे वाजणारे नकली मासे, खऱ्याहून देखणे रबरी बेडूक, असं पार्सल महिन्याला एक यायचं. माझी बायको द्वारका ते उघडून बघायची आणि म्हणायची, "ह्यातलं एखादं तळून तरी खाता येतंय का?" नाचता येईना अंगण वाकडं, हे मलाही कळत होतं. तरी मी आपला अंगणच बदलत राहिलो.

आणि मुबारकचा बेडूक? जुन्या हवाई चपलेचा! टाचेकडचा जाड तुकडा ब्लेडनं कापायचा, पॉलिश पेपरनं घासून अंगठ्याएवढा करायचा, मागं शिशाचा एक मणी खोचायचा म्हणजे तो बूड टेकून बसतो. दुहेरी गळाची टोकं पाठीला चिकटून, म्हणजे शेवाळात अडकत नाहीत. सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांचे पाय, आणि पोटाला त्याच्या बायकोचं, वहिदाभाभीचं, नेलपॉलिश. पाणकणसातून असा टुणुक टुणुक आणायचा, मोकळ्या पाण्याच्या कडेला थांबवायचा, आणि धाडकन पाणी फुटायचं. ते फुटलेलं पाणी बघून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

मला वाटलं, मेख चपलेतच आहे. त्याला विचारायला जीभ रेटेना, म्हणून मी घरातलीच एक चप्पल कापली. माझा बेडूक पाण्यावर उताणा पडला आणि उताणाच परत आला. घरी द्वारका उरलेली एक चप्पल हातात धरून दारात उभी. "हिची जोडी माशानं घातली का?" हे मी रागाच्या भरात कुणाला तरी सांगितलं, आणि मंगळवारी आख्ख्या शॉपला माहीत. मुबारक मात्र हसला नाही. त्यानं दुसऱ्या दिवशी डब्याच्या पिशवीतून एक बेडूक काढून माझ्या टेबलावर ठेवला. "घ्या साहेब. तुमच्यासाठी केला." त्याला हसता आलं असतं तर मला त्याचा नीट राग तरी करता आला असता. बेडूक मी डबीत टाकला आणि दोन वर्षं बाहेर काढला नाही.

शिकवायलाही तो मागंपुढं बघायचा नाही. तलावावर तो मला साहेब म्हणत नसे. "बद्रीभाऊ, पाणी फुटलं की लगीच झटका देऊ नका. तिला तोंड मिटून खाली वळू द्या. मी बिस्मिल्ला म्हणतो, तेवढाच टाइम लागतो. तुम्ही तुमचं कायबी म्हणा."

मी काहीच म्हणायचो नाही. पाणी फुटलं की झटका द्यायचो, आणि बेडूक उडून माझ्याच छातीवर यायचा.

तो बेडूक मिळाल्याला दोन वर्षं झाली होती. आखाडाचा शेवटचा रविवार होता. दुसऱ्या दिवसापासून श्रावण, म्हणजे आमच्या घरात महिनाभर मासा नाही आणि गळही नाही. तलाव निम्मा भरला होता. सकाळपासून माझे सगळे जपानी बेडूक फेकून झाले होते, एकाला कुणी हुंगलं नव्हतं. मुबारकच्या दोन मरळी झाल्या होत्या, त्यातली लहान त्यानं सोडूनही दिली होती. सोडायची ऐपतही त्याचीच! मी चिडून बांधाच्या पलीकडच्या कोपऱ्यात गेलो आणि तिथं मला ती दिसली.

आधी दिसली पिल्लं. कुंकू सांडावं तसा एक तांबडा पट्टा पाण्यावर हलत होता, आणि त्याखाली दोन काळ्या पाठी. मरळीचं जोडपं पिल्लांना सोडून जात नाही. नर आणि मादी, दोघं आळीपाळीनं वर येऊन श्वास घेतात आणि परत खाली पहारा देतात. जवळ बेडूक आला तर भूक नसली तरी रागानं धरतात. म्हणूनच तिथं गळ टाकायचा नसतो. आईबाप गेले की बगळे आणि पाणकावळे तासाभरात पट्टा साफ करतात. हा नियम कुठं लिहिलेला नाही, पण ग्रुपमधल्या नवख्यालाही माहीत असतो. मला तर तो तोंडपाठ होता, कारण नवख्यांना तो मीच ऐकवायचो.

त्यातली एक पाठ माझ्या मांडीएवढी होती.

मी मागं बघितलं. मुबारक लांब होता, पाठमोरा. डबी उघडली, त्यानं दिलेला बेडूक बांधला आणि तांबड्या पट्ट्याच्या पलीकडं टाकून अलगद आणला. पाणी फुटलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा मी थांबलो. काय म्हणालो ते सांगत नाही. पण त्याच्याच हिशोबानं थांबलो, मग ओढलं, आणि रॉड धनुष्यासारखा वाकला.

आवाज ऐकून तो पळत आला. मरळ काठावर होती. त्यानं मरळीकडं बघितलं, मग पाण्याकडं. पट्टा अजून तिथंच हलत होता. त्याला कळलं, आणि त्याला कळलं हे मलाही कळलं. मी म्हणालो, "पिल्लं मला दिसलीच नाहीत, मुबारकभाई."

"व्हय," तो म्हणाला. "ऊन लई चमकतं ना."

मग त्यानंच वजनकाटा काढला, त्यानंच तोलली. तीन किलो सहाशे पन्नास. माझा फोटो काढला आणि ग्रुपवर स्वतः टाकला, 'बद्रीभाऊंचं नवं रेकॉर्ड' असं लिहून. धडाधड अंगठे यायला लागले. सव्वीस वर्षांत त्यानं मला एवढं कधी छळलं नव्हतं.

"चला," मी म्हणालो.

"तुम्ही व्हा पुढं. मी बसतो जरासा."

करमाडच्या नाक्यावर मी चहाला थांबलो. पहिला घोट घेतला आणि डोक्यात किडा वळवळला. जोडप्यातला एक मासा माझ्या पिशवीत होता. दुसरा तिथंच होता, पिल्लांना सोडून तो कुठं जाणार? आणि हा माणूस मला पुढं काढून मागं बसला होता. दुसरा नक्की मोठा असणार! संध्याकाळपर्यंत माझं रेकॉर्ड मोडणार, आणि तेही माझ्याच बापाच्या तलावात. चहा तसाच ठेवून मी गाडी वळवली.

गाडी लांब लावून बेशरमाच्या झुडपांआडून पुढं गेलो. मुबारकचा रॉड सुटा करून, बांधून, स्कूटरला लावलेला होता. तो स्वतः पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभा होता. चिखलाची ढेकळं एका हातात जमवलेली, आणि एक-एक करून तो पाणकावळ्यांना मारत होता. कावळे उठायचे, फिरून परत यायचे. हा टाळ्या वाजवायचा, "हाऽड" म्हणून ओरडायचा. त्याच्यापासून दहा हातांवर तांबडा पट्टा होता आणि त्याखाली एकच काळी पाठ.

मी तिथं बराच वेळ उभा राहिलो. पुढं जावं, दोन ढेकळं आपणही मारावीत, असं वाटलं. पाय उचललाही होता. पण हे सुद्धा त्यालाच आधी सुचलं, मला सुचलं नाही, याचा मला एवढा राग आला की मी मागं फिरलो आणि गाडीला किक मारली.

द्वारकानं त्या रात्री मरळीचं कालवण केलं. मी दोनदा मागून खाल्लं.

रेकॉर्ड अजून माझ्याच नावावर आहे. मुबारक रिटायर झाला, दर रविवारी तलावावर जातो, मला फोन करतो, मोठी मरळ लागली तर तोलून मला वजन कळवतो. त्या दिवसाबद्दल तो कधी एक शब्द बोलला नाही, मला नाही आणि दुसऱ्या कुणाला नाही. त्यानं एकदा तरी चारचौघांत सांगावं, मला तोंडावर काही म्हणावं, म्हणजे आमची बरोबरी होईल, याची मी वाट बघतोय. तो म्हणणार नाही. आणि त्याच्या या गोष्टीचा मला जितका हेवा वाटतो, तितका त्याच्या एकाही मरळीचा कधी वाटला नाही.