पप्पांचे जपून ठेवलेले बूट

गेल्या रविवारी सकाळी विद्यानगरच्या आमच्या घरात भलताच घोळ झाला. संध्याकाळी धाकट्या बहिणीचं लग्न, आणि पप्पांनी कपाटातून डबा काढून त्यांचे ते खास काळे बूट घातले...

हे बूट बऱ्याच वर्षांपूर्वी आईने आणलेले. पोरीच्या लग्नात घालू म्हणून पप्पांनी ते जे ठेवून दिले, ते ठेवूनच दिले. आमच्याकडे रीतच आहे, चांगली वस्तू वापरायची नसते! मधल्या काळात आई गेली, बूट डब्यातच राहिले.

पप्पा हॉलमधून किचनपर्यंत ऐटीत चालून आले आणि मागे फरशीभर काळा भुगा... टाचेला हात लावला तर उस्मानिया बिस्किटासारखी चुरली. "उंदरांचं काम आहे!" म्हणून पप्पा आधी कपाटावरच चिडले, मग खाली बसून भुगा हाताने गोळा करायला लागले. लेकीच्या लग्नात त्यांना तेच बूट हवे होते, दुसरे नको होते.

उंदीर बिचारे निर्दोष. मी दिलसुखनगरला एका कोचिंग क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवते, त्यामुळे गुन्हेगार लगेच ओळखला... पॉलियुरेथेन, म्हणजे दुकानदार ज्याला पीयू म्हणतात ते प्लास्टिक.

हा गडी आपल्या घरात कुठे नाही ते विचारा. दोन रसायनं एकत्र आली की तो तयार होतो, आणि त्यात गॅसचे बुडबुडे अडकवले की त्याचा फोम होतो. मऊ फोम गादीत, सोफ्यात, स्कूटरच्या सीटमध्ये... कडक फोम फ्रिजच्या भिंतीत, थंडावा धरून ठेवायला. दारावरचं चकचकीत पॉलिशही बऱ्याचदा त्याचंच, आणि हलका, लवचिक म्हणून बुटांचा सोलसुद्धा.

पण या सोलची एक खोड आहे. हवेतला ओलावा त्याला हळूहळू आतून पोखरतो. बूट घाला नाहीतर ठेवा, त्याचं वय वाढतच असतं... डब्यात असले तर कुणाला पत्ताही लागत नाही.

हे सगळं मी पप्पांना वर्गात सांगते तसं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुझी आई दर वेळी म्हणायची, अहो, घाला की ते बूट..." आणि बूट काढून माझ्या हातात दिले.

वरचं चामडं मात्र ठणठणीत होतं. मी स्कूटर काढली आणि बरकतपुऱ्याला कोपऱ्यावर बूट दुरुस्त करणाऱ्या चाचांकडे गेले. शादीचं नाव काढताच "टेन्शन नक्को बेटा" म्हणत त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं आणि रबरी सोल चिकटवून, वरून शिवून दिला. संध्याकाळी पप्पा लेकीचा हात धरून स्टेजपर्यंत गेले ते आईने आणलेल्या बुटांतच. चाचा, तुमचे उपकार विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर डबा रिकामा. थोड्या वेळाने पप्पा दूध-कोथिंबीर घेऊन आले... लुंगीखाली तेच काळे बूट!

मला हसू आवरेना. पप्पा म्हणाले, "हसतेस काय? तुझ्या आईचं ऐकतोय."