चादरीचं दुसरं टोक

दवाखान्याच्या धुलाईघरात चादरींच्या घड्या घालण्यात घडीमामांचं अर्धं आयुष्य गेलं, पण कागदोपत्री ते अजून नैमित्तिकच होते. नैमित्तिक म्हणजे काय, तर आज आहे, उद्या नाही. अहो, केस पिकले, बायको गेली, लेक लग्न होऊन दूर गेली, तरी हा माणूस आपला नैमित्तिकच! युक्ती साधी होती. अधूनमधून त्यांना एक दिवस घरी बसवायचं. नोकरीत खंड पडला की कायम करायला नको.

पण मामा त्या दिवशीही जायचे. सही नाही, मजुरी नाही. मोठी चादर एकट्याला आवरत नाही, दुसरं टोक धरायला माणूस लागतं. मुकादमही त्यांना परत पाठवायचा नाही, उलट ढीग पुढ्यात टाकायचा.

म्हणून तर, कायम करा म्हणून मामा कोर्टात गेले तेव्हा त्यांच्या वकीलबाई खुशीत होत्या. खंडाच्या दिवशीही काम केलं, म्हणजे खंड पडलाच नाही! मामांबरोबर घड्या घालणाऱ्या बाईने तशी साक्षही दिली. आता मामांनी त्या ढिगाचं सांगितलं, की नोकरी कायम.

समोरच्या वकिलाने विचारलं, कुणी बोलावलं होतं का? मामा नाही म्हणाले.

"मग का गेलात?"

मामांनी सगळीकडे पाहिलं. मुकादम, घड्या घालणारी जोडीदारीण, बाकी सगळे अनोळखी. कुणाच्या दारात उभं राहिल्यावर आपण जे म्हणतो, तेच त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"काही नाही. सहज गेलो होतो."

झालं! हातातोंडाशी आलेला घास गेला. आपखुशीने सहज आलेला माणूस कामावर होता असं म्हणता येत नाही, असा निकाल लागला.

जिन्यात वकीलबाई चिडल्या. काम होतं म्हणून गेलो, एवढं सांगायला काय झालं होतं?

"कामासाठी नव्हतोच गेलो, बाई. घर खायला उठतं."

"मग तेच सांगायचं ना, मामा."

"चारचौघांत?"

मुकादमाला तंबी मिळाली, खंडाच्या दिवशी मामांना आत घ्यायचं नाही. पुढच्या खंडाला मामा घरीच राहिले. चादर धुतली, वाळवली, एक टोक दाराच्या कडीला बांधलं आणि दुसरं धरून मागे सरकले. मग घडी घालायला दारापर्यंत चालत गेले, आणि सवयीने आपलं टोक द्यायला त्यांनी हात पुढे केला.