कापसाच्या खोलीतून

“पोरगी बोलत नाही का वो?” मला बघायला आलेल्या मुलाची आत्या बाहेरच्या खोलीत विचारत होती. मी नुकतीच पाहुण्यांना चहा देऊन, मान खाली घालून आत आले होते.

“बोलते ना,” बाबा म्हणाले. “इंग्लिश मीडियमची हाय. मराठीत लाजते, अन् इंग्लिश आमाले समजत नाही.”

सगळे हसले. आत मीही हसले, आवाज न करता.

मधल्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस भरला होता. भाव चढेपर्यंत तो आमच्याकडे घरातच राहतो, आणि तेवढे दिवस मी तिथेच काम करते. रस्त्यावरचे ट्रॅक्टर, कोंबड्या, सगळे आवाज तो गिळून टाकतो. परदेशी मालिकांतले आवाज ऐकायचे आणि ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी ते शब्दांत लिहायचे, आधी इंग्रजीत, मग पोर्तुगीजमध्ये, हे माझं काम. मोठे आवाज सोपे. दार आपटलं, काच फुटली, झालं. वेळ जातो तो दबक्या आवाजांत. भिंतीपलीकडून किंवा तोंडावरच्या हातातून आला तर इंग्रजीत मफल्ड, पोर्तुगीजमध्ये अबाफादा. बोलणाऱ्याने स्वतःच आवरून धरला असेल तर कोंतिदा. कानाला दोन्ही जवळपास सारखेच लागतात, म्हणून पडद्यावरचा चेहरा पाहावा लागतो.

त्या दिवशी मला चेहरे दिसत नव्हते. लग्नानंतर हे कॉम्प्युटरचं काम चालूच राहील काय, असं आत्यानं विचारलं. ते नुसतं टाइमपास आहे, सोडून देईल, असं बाबांनी सांगून टाकलं. मग आईचा आवाज आला. ‘तिले इचारून’ एवढंच कळलं. पुढचं ऐकू आलं नाही. मला वाटलं, कापसामुळे.

“तू चहाचं पाह्य,” बाबा तिला म्हणाले.

कप उचलल्याचे आवाज झाले. मी उठले, दारापर्यंत गेले आणि ओढणीला चिकटलेला कापूस वेचत दाराआड उभी राहिले. बाहेर बोलणं साखरपुड्यावर गेलं.

पाहुण्यांची गाडी वांकिडीच्या रस्त्याला लागल्यावर मी बाहेर आले. आई उष्ट्या कपांचा ट्रे मांडीवर घेऊन बसली होती, ओठ घट्ट मिटून. असा चेहरा मी पडद्यावर कितीदा पाहिला आहे आणि त्याखाली बरोबर शब्दही लिहिला आहे. आवाज आईनं स्वतःच आवरला होता, कापसाचा काही संबंध नव्हता. तिचं वाक्य अर्धं राहिलं तेव्हाच मी बाहेर आले असते, तर परक्या माणसांसमोर ती एकटी पडली नसती. आता पाहुणे गेले होते, आणि माझ्या वतीने होकारही घेऊन गेले होते.

बाबा खुशीत मामाला फोन लावत होते.

“बाबा, फोन ठेवा,” मी म्हणाले. आवाज मला वाटलं त्यापेक्षा मोठा निघाला. “आई बरोबर मनून राह्यली व्हती. मले इचारा. मी काम सोडणार नाही.”