चौदा महिन्यांचं कलम

अरुणाताई कुठलाही करार शेवटच्या पानापासून वाचायला घ्यायच्या. रोज सकाळी साडेनऊला नेरूळच्या ऑफिसात आल्या की चप्पल टेबलाखाली सरकवायच्या, चष्मा ओढणीने पुसायच्या आणि त्या दिवसाच्या पहिल्या कराराची चळत पालथी घालायच्या. सह्या, साक्षीदार, वाद झाला तर काय, कोणी सोडून गेलं तर काय, आणि असं उलटं येत येत पहिलं पान. पहिल्या पानावर सगळे एकमेकांवर खूश असतात. "लग्नाची पत्रिका कोणीपण वाचेल," त्या म्हणायच्या. "मला आधी भांडण दाखव."

मागच्या महिन्यातल्या एका गुरुवारी, सकाळी अकराच्या सुमारास, त्या आमच्याच इमारतीच्या जिन्यात पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधे कोसळल्या. त्या सेहेचाळीस वर्षांच्या होत्या. त्यांना सर्दीखोकल्यापलीकडे काही झाल्याचं कोणाला आठवत नाही.

त्या कंपनी सेक्रेटरी होत्या. मोठ्या कंपन्यांच्या नोकऱ्या नाकारून त्यांनी नव्याने उभ्या राहणाऱ्या टेक कंपन्यांची कामं धरली. कंपनीची नोंदणी, संस्थापकांचा आपसातला करार, नावाचा ट्रेडमार्क, पहिल्या गुंतवणूकदाराच्या अटी. शनिवारी दुपारी फी नाही. त्या दिवशी कोपरखैरणे, घणसोली, तुर्भ्याची पोरं लॅपटॉप छातीशी धरून बाकावर ओळीने बसलेली असायची. बहुतेकांच्या कंपनीतला पहिला पैसा बापाच्या पीएफमधला. म्हणून करारात काय आहे ते आईबापाला कळेल अशा मराठीत लिहून द्यायला त्यांनी मला ठेवलं होतं. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "एम. ए. मराठी ना तू? मग ऐक. 'उपरोक्त' हा शब्द या ऑफिसात दिसला तर पगार कापीन."

त्यांचं शेवटचं काम शिवतेज, उत्कर्षा आणि सनी या तिघांचं. तिघांचेही वडील एपीएमसी मार्केटात माथाडी. कुठला ट्रक कुठल्या गाळ्यासमोर किती वाजता लागेल, हे हमालांना मोबाईलवर आधीच कळावं, असं काहीतरी या पोरांनी बनवलं होतं आणि ते चालतही होतं. गुंतवणूकदार मिळाला होता. त्याने संस्थापकांचा करार मागितला, तेव्हा शिवतेजने पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर स्वतः लिहिलेला कागद ताईंच्या पुढे ठेवला. त्यात एकच ओळ होती. 'तिघांचा वाटा समान, हजर असो वा नसो.'

ताई हसल्या. "हे कोणी लिहिलं रे? मुकादमाने?"

"मीच लिहिलं, ताई. पप्पांच्या टोळीत असंच असतं."

मार्केटात माल उतरवणाऱ्यांची टोळी असते. दिवसभराची मजुरी एकत्र करून सगळ्यांत सारखी वाटायची. एखादा आजारी पडला, तर त्याची पोती बाकीचे उचलतात आणि त्याचा वाटा त्याच्या घरी पोचतो. हे कुठे लिहिलेलं नसतं. या तिघांनी मात्र कंपनी काढताना ते लिहून टाकलं आणि त्यावर सह्या केल्या. पाचव्याच महिन्यात सनीच्या बाईकला अपघात झाला. सगळा प्रोग्रॅम लिहिणारा सनी. कंबरेचं हाड मोडलं. सात महिने तो कोपरखैरण्यातल्या एका खोलीत पाठीवर होता आणि कंपनीचा एक तृतीयांश हिस्सा त्याच्या नावावर जसाच्या तसा होता.

"गुंतवणूकदाराचा माणूस म्हणतो, हे डेड शेअर आहेत," उत्कर्षा म्हणाली. "मी म्हटलं, डेड नाहीये, खाटेवर आहे. पत्ता देते, येऊन बघ."

"तो बरोबर बोलतोय," ताई म्हणाल्या.

शिवतेजने स्टॅम्पपेपर स्वतःकडे ओढून घेतला.

"तुमच्यातला एखादा उद्या दुबईला नोकरीला गेला, तरी याच कागदावर त्याचा वाटा तसाच राहणार. मग नवीन माणसाला काय देणार? तुमची माया?" त्यांनी टेबलावरचा हापूस उचलला. कुठल्याशा अडत्याच्या मुलाने पेटी आणून दिली होती. "शेअर पहिल्या दिवशी हातात द्यायचे नसतात. आढीत ठेवायचे. चार वर्षांत थोडे थोडे पिकतात. पिकतील तेवढे तुझे. मधेच उठून गेलास तर कच्चे परत कंपनीकडे."

"आणि उठून गेला नाही, पडला तर?" शिवतेजने विचारलं.

ताईंनी आंबा खाली ठेवला. चष्मा काढला, पुन्हा घातला. एरवी त्यांचं उत्तर प्रश्नाच्या आधी तयार असायचं.

"त्याचं वेगळं लिहू," त्या म्हणाल्या.

ते वेगळं म्हणजे कलम बारा. आजारपणात किंवा अपघातात संस्थापक काम करू शकला नाही, तर चौदा महिन्यांपर्यंत त्याचे शेअर पिकत राहतील, जणू तो रोज कामावर येतोय. चौदा महिन्यांनंतर थांबतील. सनीला लागू होईल असं. सनीचे सात महिने उलटले होते, सात उरले होते. ते मिळाले नाहीत, तर अपघाताच्या दिवशीच त्याचं पिकणं थांबलं असं धरलं जाणार आणि त्याने जे बनवलं त्यातलं त्याच्या हातात जवळजवळ काही राहणार नव्हतं.

गुंतवणूकदारातर्फे बोलणी करणारा कुंदन तिशीचा, नम्र, घाईतला. तो तीनदा ऑफिसात आला.

"मॅडम, तुम्ही इमोशनल होताय."

"मी? मी कलम लिहितेय. इमोशनल झाले असते तर पत्र लिहिलं असतं."

"तीन महिने ठीक आहे. जगात कुठेही जा, तीनच असतात."

"जगात कुठेही गेले तरी कंबर तीन महिन्यांत जुळत नाही."

"बरं, मग राऊंड फिगर तरी घ्या. बारा. चौदाच कशाला?"

"चौदा लागतात."

"कशावरून?"

"हाडं जुळायला सहा, उभं राहायला चार," ताई म्हणाल्या, "आणि लाज जायला चार."

कुंदनला हसावं की नाही ते कळलं नाही. बुधवारी संध्याकाळी फोनवर तो म्हणाला, ठीक आहे, ठेवा. सह्या गुरुवारी दुपारी बाराला ठरल्या.

गुरुवारी खालच्या झेरॉक्सच्या दुकानातल्या काशीताई धापा टाकत वर आल्या. त्या करावे गावच्या. एरवी त्यांचं बोलणं खाडीवरच्या वाऱ्यासारखं मोठं, पण त्या दिवशी त्या कुजबुजल्या. "अगो पोरी, तुजी मॅडम जिन्यान परली हाय."

मी खाली धावले. ताई पायरीवर बसल्यासारख्या कलंडल्या होत्या. खांद्याची पिशवी खांद्यावरच होती. एक चप्पल दोन पायऱ्या खाली गेली होती. वॉचमन आणि रिक्षावाला यांनी त्यांना उचललं. हॉस्पिटल तिथून चार मिनिटांवर आहे. डॉक्टरांनी पाहिलं आणि म्हणाले, आणायच्या आधीच. मी त्यांना म्हटलं, "नाही, बाराला त्यांची मीटिंग आहे."

शिवतेज पेढ्यांचा पुडा घेऊनच हॉस्पिटलात आला, कारण तो सह्यांसाठी घरून निघाला होता आणि वाटेत त्याला फोन गेला. पुडा कुठे ठेवायचा ते त्याला कळेना. तो या हातातून त्या हातात घेत भिंतीला टेकून उभा राहिला. उत्कर्षाने शेवटी तो त्याच्या हातातून काढून स्वतःच्या सॅकमध्ये कोंबला.

बारा चाळीसला कुंदनचा फोन आला. "ऐकून सुन्न झालो. काही लागलं तर सांगा," तो म्हणाला, आणि त्याच आवाजात, मधे श्वासही न घेता, "आता पेपर आमचे वकील बघतील. नवीन ड्राफ्ट पाठवतो."

ड्राफ्ट चार वाजता आला. ताईंना पाचला नेलं.

ड्राफ्ट मी दुसऱ्या दिवशी उघडला. कलम अकरा होतं. त्यानंतर जे तेरावं होतं, ते बारावं झालं होतं. आकडे सलग होते. मधे काही होतं याची कागदावर खूण नव्हती. मी कितीतरी वेळ त्या दोन आकड्यांकडे बघत बसले. एखादी गोष्ट इतक्या स्वच्छपणे नाहीशी करता येते, याचा मला धक्का बसला. तोवर धक्क्यासाठी माझ्यात आणखी जागा आहे असं मला वाटलं नव्हतं.

रविवारी मी आणि उत्कर्षा ताईंच्या घरी कोपरखैरण्याला गेलो. ताईंनी लग्न केलं नव्हतं, वडिलांबरोबर राहायच्या. ज्ञानूआबा खुर्चीत बसले होते, काठी गुडघ्यांच्या मधे. त्यांना एपीएमसीतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. आम्ही काय बोलावं ते न सुचून कामाचं बोललो. उत्कर्षाने सांगितलं की ताई आमच्यासाठी चौदा महिन्यांवर अडून बसल्या होत्या.

"चौदा?" आबांनी मान वर केली. "चौदा म्हनली व्हय ती?"

मग ते सांगू लागले. साताऱ्याकडून येऊन त्यांना तेव्हा दहा वर्षं झाली होती. कांद्याच्या गाळ्यात थप्पी ढासळली आणि ते खाली सापडले. "मी चौदा म्हैनं खाटंवर. टोळीतला यक जन दर हप्त्याला वाटा घिऊन यायचा. ही बारावीला हुती. तिची फी त्यातनंच गेली. पन तो मानूस आला की ही आत जाऊन बसायची. दारच उघडायची न्हाई. म्हनायची, आबा, तुम्ही कामावर न्हाई आन् आपून पैसं घ्यायचं, मला कसंतरी हुतं." त्यांनी काठी सावरली. "शेवटशेवट उघडायला लागली. च्या पन करायची त्याला."

उत्कर्षा माझ्याकडे बघत होती. दोन वर्षं मी ताईंच्या समोरच्या टेबलावर बसले. त्यांना कुठला आंबा आवडतो, कुठल्या शब्दाचा राग येतो, सगळं मला ठाऊक होतं. हे माहीत नव्हतं. त्यांनी कुंदनला ते सांगितलं असतं, तर तो कदाचित पहिल्याच भेटीत विरघळला असता. त्यांनी सांगितलं नाही. स्वतःच्या घरातली गोष्ट पुढे करून कलम मिळवायचं नाही, असं त्यांनी ठरवलं असावं. की अजून थोडी लाज उरली होती, मला सांगता येत नाही.

मंगळवारी कुंदन ऑफिसात आला. ताईंची खुर्ची रिकामी ठेवून आम्ही बाजूच्या खुर्च्यांवर बसलो. सनी पहिल्यांदाच घराबाहेर पडला होता, वॉकर धरून. घामाघूम झाला होता.

"मला काढा," तो बसायच्या आधीच म्हणाला. "त्यांच्या ड्राफ्टवर सह्या करा. पगार थकलेत. माझ्यामुळे कंपनी नको बुडायला."

"तू गप बस, हिरो," शिवतेज म्हणाला. "कमरेवर पडलास का डोक्यावर?"

कुंदन म्हणाला, "बघा, तो स्वतःच म्हणतोय. ते कलम मॅडमच्या आग्रहाखातर होतं. आता तीन महिने करू, सगळेच सुटू."

"चौदा," उत्कर्षा म्हणाली.

"सहा."

"चौदा."

"अहो, आधी चौदा का ते तरी सांगा. मॅडमनी मला नीट उत्तरच दिलं नव्हतं."

मला वाटलं, आता ती सांगणार. आबा, थप्पी, बंद दार. तिने कुंदनचा ड्राफ्ट त्याच्याकडे सरकवला. मग म्हणाली, "बुधवारी तुम्ही हो म्हणालात, ते ऐकणारी बाई गेली. तुमचं हो गेलं का तिच्याबरोबर?"

कुंदनने पेनाला टोपण लावलं. मग बाहेर पॅसेजमध्ये जाऊन त्याने वीस मिनिटं फोन केला. परत आला तो आकडा घेऊन. चौदा महिने कबूल, पण गुंतवणूकदाराला दोन टक्के जास्त हवेत. ते तिघांच्या वाट्यातून जाणार होते. सनीने तोंडातून शिवी काढली. शिवतेजने उत्कर्षाकडे पाहिलं, तिने मान हलवली. ताई असत्या तर दोन टक्के दिले असते की नाही, कोणास ठाऊक. मला वाटतं, त्यांनी एक टक्क्यावर आणलं असतं.

दोन दिवसांनी सह्या झाल्या. ताईंच्या व्यवसायातल्या एका मैत्रिणीने कागद तपासून दिले. फाईल ताईंनीच बनवलेली होती, म्हणून साक्षीदाराच्या जागी त्यांचं नाव आधीच टाईप केलेलं होतं, नाव, आडनाव आणि पत्ता. ते मला काढायचं होतं. मी एकेक अक्षर मागून पुसत गेले. त्या जागी काशीताईंचं नाव घातलं. त्या हात पुसत वर आल्या, सही कुठे करायची ते दोनदा विचारलं आणि झाल्यावर डोळ्यांना पदर लावला.

सह्यांच्या आधी प्रिंट द्यायला मी बटण दाबलं तेव्हा प्रिंटरने कागद संपल्याचा लाल दिवा लावला. ताई गेल्या त्या गुरुवारीही तो तसाच लागलेला होता. त्या दिवशी त्या सकाळी बाहेरचं काम उरकून येणार होत्या आणि अकराला त्यांचा खालून फोन आला होता. त्यांना घाई नव्हती, काही दुखत होतं असंही आवाजावरून वाटलं नाही. मागे रिक्षाचा हॉर्न वाजत होता.

"लिफ्ट बंद आहे गं," त्या म्हणाल्या. "जिन्याने येते. तू तोवर प्रिंटरमध्ये कागद भरून ठेव."