नकार घरपोच देणारा माणूस

हेंक गेल्याचा फोन आला तेव्हा मी हॅमिल्टनमधल्या आमच्या बँकेच्या पार्किंगमध्ये गाडी लावत होते. हॉस्पिसमधली नर्स म्हणाली, "झोपेतच गेले. घरच्यांना तुम्ही कळवाल ना?" मी हो म्हटलं आणि तशीच गाडीत बसून राहिले. घरचे म्हणजे एकच, हॉलंडमधला धाकटा भाऊ यान. आणि यानला फोन करायचा नाही, असं हेंकनी माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं.

हेंक हे माझे इथले पहिले साहेब. पुण्यातली बँकेतली नोकरी सोडून मी न्यूझीलंडला आले, तेव्हा शेतकर्ज विभागात त्यांनी मला घेतलं. मला गाय फक्त लांबून माहीत होती. ते म्हणाले, "चालेल. गाय कशी असते ते गायच शिकवेल." त्याआधी ते हॉलंडच्या संसदेत होते, शेतीच्या प्रश्नांवर पक्षातर्फे तेच बोलायचे. निवडणूक हरले, एका बँकेने बोलावलं, बँकेने इकडे पाठवलं. कोणी खोदून विचारलंच तर म्हणायचे, "तिकडे शेतकरी मला मत देत नव्हते. इकडे निदान चहा देतात."

त्यांची एक पद्धत होती. कर्ज मंजूर झालं तर ते फोनवर कळवायचे. नामंजूर झालं तर मात्र गाडी काढून शेतकऱ्याच्या घरी जायचे, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायचे आणि तोंडावर नाही म्हणायचे. बरोबर मला न्यायचे. माझा नवरा सुहास म्हणायचा, "तुझा साहेब नकार घरपोच देतो!" मॉरिन्सव्हिलजवळच्या एका शेतकऱ्याला आणखी गाई घ्यायच्या होत्या. तो भडकला. "नाही म्हणायला एवढ्या लांब आलात? ईमेल करायची ना, मेट!" हेंक शांतपणे म्हणाले, "ईमेलला तोंड नसतं. शिव्या कुणाला दिल्या असत्या?" त्याने खरोखरच दिल्या, मनसोक्त. मग त्याच्या बायकोने गरम स्कोन्स, म्हणजे छोटे गोडसर पाव, आणले. हेंकनी एक खाल्ला आणि ताटली सरकवली. दुसरा घेणं त्यांच्या डच रक्तात नव्हतं. मी आग्रहाची वाट बघत बसले... इथे आग्रह कोणी करत नाही, हे मी त्या दिवशी शिकले.

परतताना मी जरा वैतागूनच विचारलं, की यात आपला अख्खा दिवस जातो, कशासाठी? तेव्हा त्यांनी यानबद्दल सांगितलं, रस्त्यावरची नजर न काढता. हॉलंडमध्ये शेणामुळे जमीन आणि पाणी खराब होऊ लागलं, म्हणून गाई कमी करायचा कायदा आला. लहान गोठे भरपाई देऊन बंद करायचे होते. कायदा बरोबर होता, असं हेंकना शेवटपर्यंत वाटायचं. संसदेत त्याच्या बाजूने ते बोलले, मतही दिलं. वडिलांचा गोठा यान चालवत होता, तोही त्या कायद्याने बंद होणार होता. मतदानाच्या आधीच्या रविवारी हेंक त्याच्याकडे गेले, कॉफी प्यायले, हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि काही न बोलता परत आले. भावानेच त्या बाजूने मत दिलं हे यानला कळलं ते दूध काढताना, गोठ्यातल्या रेडिओवरून.

"सांगितलं असतं तरी कायदा झालाच असता ना?" मी म्हटलं.

"झालाच असता," हेंक म्हणाले. "पण रेडिओला शिव्या देता येत नाहीत, मीना."

त्यानंतर भाऊ भावाशी बोलला नाही. हेंकची बायको गेली, तेव्हाही नाही.

मागच्या हिवाळ्यात हेंकना स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला, पसरलेलाच. त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे ॲमस्टरडॅमचं तिकीट काढलं. यानच्या टेबलाशी बसून दोन्ही गोष्टी सांगणार होते, जुनी आणि नवी. डॉक्टरांनी प्रवासाला साफ नकार दिला. मी हातपाय हलवणारी बाई आहे. विमान कंपनीशी बोलले, बरोबर नर्स पाठवता येईल का ते पाहिलं, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतलं. सगळीकडून एकच उत्तर. व्हिडिओ कॉल लावून देते म्हटलं, तर म्हणाले, "फोनवर नाही. असं सांगत नाहीत." मी म्हटलं, "अहो, पण वेळ..." त्यांनी डोळे मिटून घेतले. त्यांचं वजन रोज उतरत होतं, आणि मी उशाशी बसून त्यांच्या पायांवरचं पांघरूण सारखं करत होते. दुसरं करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

हेंक गेले त्या संध्याकाळी, दिलेला शब्द मोडून, मी यानला फोन केला. त्याचं इंग्रजी तोडकंमोडकं होतं, पण समजत होतं. मी सरळ सांगितलं, हेंक गेले. पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग त्याने विचारलं, "आजारी होता?"

"हो. काही महिने."

"मला कुणी सांगितलं नाही."

"ते येऊन सांगणार होते. तुमच्यासमोर बसून. तिकीट काढलं होतं."

"तेव्हा रेडिओ," तो म्हणाला. "आता तुम्ही."

ज्या चुकीपायी हेंक जन्मभर लोकांच्या दारात गेले, तीच चूक ती टाळण्याच्या हट्टापायी पुन्हा झाली होती, आणि ती पोचवायचं काम माझ्याकडे आलं होतं. मी म्हटलं, "मला शिव्या द्या हवं तर." तो हसला की खोकला, कळलं नाही. मग म्हणाला, "तिकडे गवत कसं आहे?"

"चांगलं आहे," मी म्हटलं. मला काहीही माहीत नव्हतं.

"तिकडे आता वसंत," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

याला आता काही आठवडे झाले. हेंकची खोली दुसऱ्या पेशंटला दिली गेली, सामान मी आणि सुहासने हलवलं. परवा कामावरून घरी येताना आमच्या उपनगराकडे, रोटोटुनाला, न वळता मी सरळ पुढे गेले. घरं संपतात तिथे कुंपणाशी गाडी थांबवली आणि तारेतून हात आत घातला. गवत मनगटाच्या वर आलं होतं, ओलं, दाट. यानला हे कळवावं का, असा विचार करत मी हातात फोन घेऊन उभी राहिले. तिकडे सकाळ झाली असणार. गोठ्यात आता गाई नाहीत, तरी तो उठलाच असेल...